मुका केलेला मोडेम

अकराव्यांदा पडद्यावर तेच आलं. 'नो कॅरिअर'. म्हणजे फोन लागला, पण पलीकडच्या मोडेमशी आपल्या मोडेमचं जुळलं नाही.

दिग्रसच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याचं ऑफिस, दुपारचे साडेतीन. मी यवतमाळहून त्यांच्या कॉम्प्युटरला मोडेम जोडून द्यायला आले होते. कापसाला कुणी विचारत नव्हतं ते दिवस. आवारात दोनशे गाठी पडून होत्या आणि कित्येक महिन्यांनी कोइमतूरच्या एका सूतगिरणीने मागणी केली होती. अट एकच. प्रत्येक गाठीचं वजन नि धाग्याची लांबी पाच वाजेपर्यंत त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये यायला हवी. फॅक्स चालणार नाही. नाही तर ते दुसऱ्याच्या गाठी उचलणार.

"मॅडम, होऊन राह्यलं का?" जिनिंगचे मालक शेठजी माझ्यामागे येरझारा घालत होते.

"होते शेठजी. मशीन जुनी आहे नं."

जुनीच होती, टू-एट-सिक्स जातीचा मंद कॉम्प्युटर. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरची अक्षरं आवाजात बदलून फोनच्या तारेवर सोडणारा डबा. टर्मिनल सॉफ्टवेअर म्हणजे त्या डब्याला हुकूम देण्याचा काळा पडदा. भरभर येणारी अक्षरं या मशीनला झेपत नसतील, अशी माझी खात्री. स्पीड ९६०० वरून ४८००, मग २४०० केला. केबल बदलली. माउस काढला, कारण माउस आणि मोडेम कधी कधी आतल्या आत भांडतात. नो कॅरिअर.

शेवटी त्याच फोनवरून यवतमाळला माझ्या बॉसना फोन लावला.

"तुहा आवाज इतका बारीक काहून येऊन राह्यला?" ते म्हणाले. "मोडेमच्या स्पीकरवर काय आयकू येते?"

"स्पीकर बंद केलाय सर."

"कायले?"

सकाळी मोडेम पहिल्यांदा किंचाळला तेव्हा शेठजी वैतागले होते, हे मांजर आवरा म्हणून. मीही ऐटीत एका हुकमात त्याला मुका केला होता.

"चालू कर आधी," बॉस म्हणाले.

चालू केला. डायल झालं. टकटक, रिंग, पलीकडची शीळ आणि त्या शिळेत एक माणूस. "हां, बोला. आयकून राह्यलो. जरा जोरात."

शेठजी जागीच थांबले. "हे तं आपले मुनीमजी."

फाटकाजवळच्या वजनकाट्यावर याच लाइनचा दुसरा फोन होता. इथून डायल केलं की तिथली घंटी हलकेच किणकिणायची. बावीस वर्षं मुनीमजी त्या किणकिणीला फोन उचलत होते. फोनवरचा सौदा त्यांनी ऐकल्याशिवाय सौदा नव्हे, ही जिनिंगची रीत. उद्या पार्टी फिरली तर साक्षीदार हवा. शेवटी ते 'आयकलं' म्हणत, मग फोन ठेवत.

त्यांचा आवाज तारेत मिसळला की दोन मोडेमचं जुळणं तिथेच तुटत होतं. मी फाटकाकडे पळाले.

"मुनीमजी, फोन काहून उचलता?"

"मी नाही उचलला तं आयकन कोण? सकाळपासून पार्टी नुसत्या शिट्ट्या मारून राह्यली. लाइन खराब आहे, पण मी सोडलं नाही."

राग आला आणि हसूही. "आता नका उचलू नं."

"मंग सौदा पक्का कसा होईन? उद्या ते पलटले तं?"

पावणेपाच होत आले होते. वाद घालायला वेळ कुठे होता? मी म्हणाले, "चला, तुमची साक्ष पडद्यावर." त्यांना आणून माझ्याच खुर्चीवर बसवलं आणि उभ्यानेच डायल केलं.

टकटक. रिंग. शीळ. खरखर. मग 'कनेक्ट २४००'.

फाइल निघाली, पडद्यावरचा आकडा सरकू लागला. आम्ही तिघं तो आकडा बघत होतो. पाचला चार मिनिटं कमी असताना पलीकडून इंग्रजीत एक ओळ उमटली. यादी मिळाली, गाठी पक्क्या, ट्रक पाठवतो. मी मोठ्याने मराठीत सांगितलं. शेठजी मटकन बाकावर बसले.

मुनीमजींना इंग्रजी येत नव्हतं. तरी चष्मा सावरून ती ओळ त्यांनी बोट लावून शेवटपर्यंत पाहिली. मग कोइमतूरला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले, "पाह्यलं."

तेव्हापासून कुठलंही मशीन कितीही किंचाळो, मी त्याचं तोंड बंद करत नाही. त्या दिवशीच्या सर्व्हिस रिपोर्टात लिहिलं, 'बिघाड: स्पीकर बंद, दुसरा फोन उचललेला.' स्पीकर कोणी बंद केला, ते लिहायला रकाना नव्हता.