गाणं आधी, देश मागनं

गार्डमामांनी बसून ते गाणं कधी म्हटलं नाही. गुडघे कितीही ठणकत असोत, उठायचे, टोपी नीट करायचे, हात विजारीच्या शिवणीला लावायचे आणि मग इस्राएलचं राष्ट्रगीत. आपलंही तस्संच. "मामा, दोन-दोन कशाला?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "एक माझ्या देशाचं, एक माझ्या समाजाचं. उभं राहायला पाय तेच दोन हायत."

मामा बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त होऊन दौंडातच राहिलेले. इस्राएलमधला मुलगा बोलावून थकला. "तुझी मामी हितल्या मातीत हाय, तिला टाकून कुठं जाऊ?" एवढंच म्हणायचे.

मी मांडवगण फराट्याहून शिकायला येऊन त्यांच्या शेजारी राहायचो. बारावीला सपशेल आपटलो आणि तोंड लपवून बसलो, तेव्हा या माणसानं मला उठवून ते गाणं शिकवलं! हिब्रूतलं ओ की ठो कळेना. मग अर्थ सांगितला: शतकानुशतकं घरापासून तुटलेली माणसं, पण आशा सुटली नाही. "देश झाल्यावर न्हाई लिहिलं गड्या. परक्या मुलखात लिहिलं, आन् देश सत्तर वर्षांनी. गाणं आधी, देश मागनं. तू आधी ताठ उभा रहा, पास मागनं हो." झालो बुवा, ऑक्टोबरात.

त्यांना धास्ती एकच. "कबरीवरच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागत्यात. माझ्या येळंला दौंडात दहा कुठनं आणणार रं?"

"आणू की मामा!" मी ठोकून द्यायचो.

गेल्या वर्षी मामा गेले, नेमके शुक्रवारी. सूर्य मावळला की शब्बाथ, त्यांचा विसाव्याचा दिवस, लागणार; मग दफन नाही की प्रवास नाही. पुण्याहून दोन गाड्या निघाल्या. एक पोचली, सहा जणांची. दुसरी यवतला वाहतुकीत अडकली. मामींच्या शेजारी माती देऊन झाली, ऊन उतरत चाललं, तरी तिचा पत्ता नाही. पुण्याचे एक वडीलधारे म्हणाले, "प्रार्थना राहिलीच. निघू या आता."

मी हात शिवणीला लावले आणि गाणं सुरू केलं.

"अहो, हे इथं म्हणायचं नसतं!"

"मला एवढंच येतं," म्हटलं आणि चुकत, रडत म्हणत राहिलो. दुसऱ्यांदा म्हणताना तेच गृहस्थ शेजारी ताठ उभे राहून म्हणू लागले. तिसऱ्यांदा सुरू केलं, तोच फाटकाशी गाडी थांबली आणि चौघं पळत आत आले.

दहा भरले. मी मागं सरलो. मामांची प्रार्थना सुरू झाली.