ढावलोला गळा लागतो

माणूस गाव सोडतो ते आधी त्याच्या पायांना कळतं, असं आम्हाला मुंबईत नृत्याच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघाही मारल्या. प्रत्यक्षात फुलसावंगीच्या स्टँडवर उमरखेडच्या एसटीची वाट पाहताना माझ्या पायांना एवढंच कळलं होतं, की नवे सँडल टाचेला लागतायत.

एकोणीस वर्षांची होते. सिनेमात मागे नाचणाऱ्या एका ग्रुपमध्ये मला जागा मिळाली होती. बा कंडक्टरला तिसऱ्यांदा सांगत होते, "पोरगी एकटी हाय, लक्ष ठेवजा." याडी, म्हणजे माझी आई, बाजूला उभी होती. आम्ही घरी गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, बोलतो, पण तिला वऱ्हाडीही तेवढीच येते, म्हणून इथे सगळं वऱ्हाडीतच लिहिते. मला वाटलं होतं, ती रडेल. ती म्हणाली, "जाऊन राह्यली त जाय. इथं तोंड वाकडं करू नको, लोकं पाहून राह्यले."

आमच्या तांड्यात मुलगी सासरी निघते तेव्हा तिनं आणि घरच्या बायांनी एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडायचं असतं. त्याला ढावलो म्हणतात. लग्नाआधी म्हाताऱ्या बाया मुलीला तो शिकवतात. तुमच्यापैकी जे तांड्यातच राहिलात त्यांना हे ठाऊक आहे, आणि जे माझ्यासारखे निघालात त्यांनी तो बहुधा मोबाइलमध्ये भरून नेलाय. लग्न होऊन जाणारीसाठी कसं रडायचं हे ठरलेलं होतं. पोट भरायला एकटीच एसटीत बसून जाणारीसाठी काय करायचं, हे कुणी ठरवून ठेवलं नव्हतं. गाडी सुटली.

मुंबईत मी दुःख आठपर्यंत मोजायला शिकले. फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट, की मान खाली. सिनेमात नायिकेचं मन मोडतं तेव्हा मागच्या चाळीस जणींचंही त्याच मात्रेवर मोडतं, आणि सगळ्यांच्या ओढण्या एकाच दिशेला उडतात, कारण पंखा एकच असतो. मी तिसऱ्या रांगेत होते. पुढे नाच बसवणाऱ्या मास्टरजींची असिस्टंट झाले आणि इतरांचं दुःख मोजू लागले. पगार बरा होता. रोज फोनवर याडी विचारायची, "जेवली का?" मी "हो" म्हणायचे.

ती कापसाच्या संकटाची वर्षं होती. आमच्या जिल्ह्यात बोंडअळीच्या पाठोपाठ पाहणीच्या पांढऱ्या गाड्या यायच्या. त्यांतून उतरलेली माणसं आधी सावली शोधत आणि मग दुःख. याच विषयावर एक सिनेमा निघाला आणि काम आमच्याकडे आलं. मीटिंगमध्ये दिग्दर्शकांनी विचारलं, "त्या भागातल्या बायका शोक नाचून व्यक्त करतात का? दॅट विल बी सो ऑर्गॅनिक."

मी म्हणाले, "हो."

नाही करत. तीजेला नाचतात, होळीला नाचतात. दुःखात आमच्या बाया जागच्या हलत नाहीत. पण मास्टरजी म्हणाले होते, गाणं पसंत पडलं तर तूच बसव आणि पडद्यावर नावही तुझंच टाकू. नऊ वर्षं नावाशिवाय काढलेल्या माणसाने अशा वेळी किती खरं बोलावं, हे वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

शूटिंग आमच्याच शेतात ठरलं. याडीने आणि तांड्यातल्या पाच जणींनी पेटीतून आरशांचे घागरे काढले. कापूस वेचायला त्या साध्या लुगड्यात जातात, पण दिग्दर्शकांना आरसे हवे होते. दुपारी त्या कापसाच्या दोन ओळींमधल्या तासात रांगेने उभ्या राहिल्या आणि मी मोजायला लागले. सहावर पहिली वाकली आणि फुटलेल्या बोंडातला कापूस काढून मोकळी झाली. आठपर्यंत सहाही जणी वेचत होत्या.

"मावशी, हात रिकामे हवेत," दिग्दर्शक म्हणाले.

"फुटलेल्या कापसात हात रिकामे कायले ठेवू?" याडी म्हणाली. "संध्याकाळी तुमी वेचसान का?"

"तुमचा आक्रोश शरीरातून आला पाहिजे."

"शरीरातून पाठ दुखून राह्यली सकाळपासून. ते चालते का?"

बाया घुंगटाआड हसल्या. मग याडी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आपल्यात असं नाचते म्हणून यायले कोणं सांगितलं?"

"मी."

"काहून?"

"काम भेटत होतं."

ती पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. तिने आयुष्यभर कामासाठी बरंच काही केलंय, पण खोटं सांगितल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या टेकनंतर दिग्दर्शकांनी नाच सोडला. ढावलोबद्दल त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "मावशी, एकट्या उभ्या राहा. कॅमेऱ्यात बघून ढावलो करा."

"ढावलोले गळा लागते, बापू. कोणाच्या गळ्यात पडू, या डबड्याच्या?"

दिग्दर्शकांनी नायिकेला पुढे केलं. सिनेमात ती मुलगी होती. याडीने तिला नीट न्याहाळलं. "ही कुठं जाऊन राह्यली?"

"मॅडम संध्याकाळच्या विमानाने मुंबईला," प्रॉडक्शनचा माणूस म्हणाला.

"मंग हिच्या घरचे रडतीन. मी काहून रडू?"

मी म्हणाले, "याडी, एकदा कर ना. माया कामाचा सवाल हाय." तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यात हात टाकला आणि घुंगट माझ्याही डोक्यावर ओढला. आत घामाचा आणि पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास होता. ती सुरात रडू लागली. रोज मी जेवले म्हणते पण माझा आवाज उपाशी असतो, हे तिने त्यात घातलं. माझा एक सिनेमा उमरखेडला जाऊन तीनदा पाहिला, एवढ्या पोरींत माझी कोणती हे ओळखू आलं नाही, कोणाला विचारायची लाज वाटली, हेही घातलं. मी सवयीने मोजत होते. चारच्या पुढे आकडा आठवेना. मला ढावलो कुणी शिकवला नव्हता, तरी मी तिच्या सुरात सूर मिसळला, बेसूर. आमचे चारही पाय ढेकळांत रुतलेले होते.

"अप्रतिम!" दिग्दर्शक ओरडले. "आता हेच मॅडमबरोबर."

याडीने डोळे पुसले. "झालं आता. एका पोरीले एकदाच असते." आणि ती म्हशीला पाणी दाखवायला गेली.

तो शॉट कामाचा नव्हता. त्यात मी हेडफोन आणि टी-शर्टमध्ये होते, कमरेला वॉकीटॉकी. गाणं शेवटी दुसऱ्याच मुलीने बसवलं. मुंबईहून आणलेल्या चाळीस जणी आमच्या कापसात गोल फिरल्या आणि फिरताना खळ्याएवढ्या जागेतली झाडं मोडली. मला राग आला तो दिग्दर्शकांचा, मास्टरजींचा, आणि सगळ्यात जास्त मीटिंगमधल्या त्या "हो"चा. तो अजून गेलेला नाही. लोकांना आमच्याकडून दुःख हवं होतं. खरं मिळालं तेव्हा त्याच्या कमरेला वॉकीटॉकी होता, म्हणून परत केलं.

पण एक झालं. नऊ वर्षं मी नुसतीच निघून गेलेली होते. त्या दुपारी माझी पाठवणी झाली. तेव्हापासून फुलसावंगीला उतरले की मी माहेरी आलेली असते, आणि परत निघताना याडी फाट्यापर्यंत येऊन लोकांदेखत रडते. घर म्हणजे आता मला तेवढंच कळतं, की जिथे माझ्या जाण्यावर कुणीतरी रीतसर रडलंय ती जागा. तुमच्यापैकी ज्यांचं तसं झालेलं नाही, त्यांनी एकदा जाऊन गळा पुढे करावा. मोजायला सोबत कुणाला नेऊ नये.

सिनेमाच्या शेवटच्या पाट्यांमध्ये माझं नाव नाही. याडीचं आहे, 'बैलगाडी सौजन्य' या सदराखाली. आमच्याकडे बैलगाडी नाही.