टिकलीचा कोपरा

कापूस तोट्यात जात होता त्या वर्षांत, त्याचा विषय निघाला की आमच्या घरात जेवण बेचव व्हायचं. म्हणून दादा नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीला माझ्याकडे आला की आम्ही दोघं व्हिडिओ गेमची पेटी बांधत बसायचो. लहानपणी बसस्टँडजवळच्या दुकानात होती तशीच, उभी, लाकडी. प्लायवूड कापून झालं आणि पडद्यावर गाडी अडली. मला नवा चपटा मॉनिटर हवा होता, हलका आणि स्वच्छ चित्राचा.

"गावच्या घरचा जुना टीव्ही आहे न," दादा म्हणाला.

"त्या धुडाले कोन उचलते?" मी चिडलोच.

पुढच्या खेपेला तो एसटीतून उतरला तो वाकळेत गुंडाळलेला टीव्ही पोटाशी धरूनच.

वाकळ सोडली. सगळी काच त्यानं लख्ख पुसली होती, फक्त वरच्या कोपऱ्यातली आईची मरून टिकली तशीच होती. टीव्ही बंद असला की ती काच आईचा आरसा व्हायची. तोंड धुण्याआधी ती टिकली काढून तिथंच चिकटवायची. आई गेली आणि शेवटची टिकली तिथंच राहिली.

मी कापलेल्या चौकटीखाली नेमका तोच कोपरा झाकला जात होता. मी करवत उचलली आणि चौकटीचा तेवढा कोपरा कापून टिकली मोकळी केली.

पेटी सुरू झाली. खेळताना शत्रूचं विमान टिकलीमागं शिरलं की दादाचं बोट बटणावरून उठायचं.

"मार न दादा, काहून थांबला?" मी ओरडायचो.

"निघू दे त्याले तिथून," तो म्हणायचा.