पुलीची शिट्टी

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवलं, कान तिरका करून ऐकलं आणि म्हणाला, "शेठ, पट्ट्याची पुली शिट्टी मारतेय. बेअरिंग गेलीय तिची. बदलून टाका, नाहीतर रस्त्यात धोका देईल."

मीही वाकलो. इंजिनाची घरघर चालली होती. शिट्टीबिट्टी काही नव्हती. हा आपल्याला टोपी घालतोय, हे मला तिथल्या तिथे कळलं.

माझा संशय हवेतला नसतो. भिवंडीत मी अठ्ठावीस वर्षं लूम चालवले, त्याआधी बारा वर्षं बापाच्या हाताखाली काढली. सूतवाला कोनांना, म्हणजे सुताच्या रिळांना, ओल देऊन वजन वाढवायचा. कापड घेणारा प्रत्येक ताग्यात मीटरभर कमी भरलं म्हणायचा. मोटर दुरुस्त करणारा नवी तार सांगून जुनी घालायचा. असल्या धंद्यात डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. आणि त्यातून पुली! चोवीस लूम म्हणजे चोवीस मोटरी, चोवीस पट्टे आणि त्यांच्या दुप्पट पुल्या. कोणत्या लूमचा पट्टा सैल आहे हे मी कारखान्याच्या दारातून सांगायचो. मला पुली शिकवणारा हा कोण?

गाडी साधी असती तर मी एवढा चिडलो नसतो. दापोड्याच्या एका गोदामात पार्सलं वाहणारा तो उंच टपाचा जुना टेम्पो मी घेतला आणि आतून पार बदलून टाकला. दोन माणसांचा बिछाना, छोटा ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना जाळ्या. पडदे माझ्याच लूमवर निघालेल्या शेवटच्या ताग्याचे. लोक तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात, आमच्या आळीत तिला चाकावरची खोली म्हणत. आणि ती केली होती बायकोसाठी.

आमचं घर कारखान्याच्या पाठीमागे, मध्ये फक्त अंगण. लग्न होऊन आली तेव्हापासून दोन्ही शिफ्टचा खडखडाट तिने घरात बसून ऐकला. शुक्रवारी लूम बंद असायचे, तेवढा एक दिवस ती दुपारी गाढ झोपायची, हाक मारली तरी उठायची नाही. लूम भंगारात निघाले त्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. मला तरी तेव्हा ते पहिल्यांदाच वाटलं.

"आठ दिस मना असल्या जागी न्या," ती म्हणाली, "जिथं कसलाच आवाज न्हाय."

लॉजमध्ये शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकत पडायचं तिला नको होतं. म्हणून गाडी. वाडा गावाच्या पुढे जव्हारच्या डोंगरात कुठेतरी झाडाखाली उभी करायची आणि आठ दिवस तिला झोपू द्यायचं, असं ठरलं होतं. सगळं तयार होतं आणि या मिस्त्रीने शिट्टी काढली.

मी म्हटलं, पुली बदलायची नाही, तेल बदल, ब्रेक बघ. आणि त्याने गाडीला हात लावण्याआधी मी घरून बायकोची नखं रंगवायची लाल बाटली आणली. पुलीवर एक ठिपका, बॅटरीवर एक, डायनॅमोवर एक, चारही चाकांवर एकेक. माझी वस्तू काढून दुसऱ्याची बसवली तर मला कळलं पाहिजे. मग दापोड्यातल्या त्याच्या गॅरेजसमोर स्टूल टाकून दिवसभर बसलो. मिस्त्रीने ठिपके पाहिले आणि नुसता हसला. त्या हसण्याचाही मला संशय आला.

संध्याकाळी बायको डबा घेऊन आली. मिस्त्रीने पुन्हा इंजिन चालू केलं, पुन्हा तेच. "ऐका ना शेठ, किती बारीक शिट्टी येतेय." मी त्याच्याशी हुज्जत घालत होतो आणि हा गृहस्थ माझ्या खांद्यावरून मागे बघत मान हलवत होता. मी वळून पाहिलं. मागे बायको उभी, तोंड मिटून. म्हणजे यांचं आधीच साटंलोटं आहे, मला वाटलं. मिस्त्रीने गोड बोलून बाईमाणसाला आपल्या बाजूला केलंय. तुला काय वाटतं, असं तिला विचारावं हे माझ्या मनातही आलं नाही. तिला इंजिनातलं काय कळणार?

दुसऱ्या दिवशी मी गाडी वाड्याच्या रस्त्यावर अंबाडीला नेली. तिथल्या एका मिस्त्रीला मी काहीही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, ऐक आणि सांग. त्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "पुली हाय."

दुसरा कोणी असता तर त्याची खात्री पटली असती. माझीही पटली, पण वेगळीच. दोघांचं फोनवर बोलणं झालेलं आहे. दापोड्यापासून वाड्यापर्यंत सगळे गॅरेजवाले एकमेकांचे मेव्हणे असणार, आणि लूम विकलेला एक शेठ सजवलेली गाडी घेऊन फिरतोय ही बातमी सगळ्यांना पोचली असणार. मी तसाच परत फिरलो, दापोड्यात थेट मिस्त्रीच्या दारात गाडी लावली आणि समोरच्या चहावाल्याकडे बसलेली आठदहा माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणालो, "हा माणूस नसलेला आवाज विकतो!"

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. गाडीचे कागद आणि उरलेलं तेल माझ्या सीटवर आणून ठेवलं.

"शेठ, गाडी घेऊन जा. या गाडीचा एक नट पण मी आता फिरवणार नाय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. चोर पकडला गेला की गप्प होतोच, असं मी घरी येऊन सांगितलं. बायको भाकरी थापत होती.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही निघालो. ती माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर पिशवी. मी रस्त्यावर नजर ठेवून होतो. कंटेनर सरळ अंगावर येतात, इकडेतिकडे बघायची सोय नसते. अंबाडी मागे पडली आणि थोड्याच वेळात इंजिनाच्या गरमीचा काटा लाल रेषेकडे चढला. मी गाडी कडेला घेतली तोवर बॉनेटमधून वाफ यायला लागली होती. उघडून पाहिलं तर पट्टा तुटून खाली लोंबत होता आणि लाल ठिपक्याची माझी पुली एका बाजूला कलंडली होती.

बायको खाली उतरून समोर आली. "थांबली एकदाची," ती म्हणाली.

"काय थांबली?"

"शिट्टी. घरापासून वाजत व्हती."

मग मी जे बोललो ते आज लिहितानाही लाज वाटते. "तुला त्या मिस्त्रीने पढवून ठेवलंय का?" मी विचारलं. तिने पिशवीतून फोन आणि गॅरेजचं कार्ड काढलं, चार पावलं लांब गेली आणि तिनेच मिस्त्रीला फोन लावला.

तासाभरात तो स्कूटरवर आला. पिशवीत नवा पट्टा, नवी पुली. "भाभींनी बोलावलं म्हणून आलो," एवढं मला सांगून तो कामाला लागला. जुनी पुली काढली, तिच्यावरचा ठिपका मला नीट दाखवला आणि माझ्या कानाशी धरून बोटाने जोरात फिरवली.

"काही नाही," मी म्हणालो. "बघ, गप्प आहे."

दोन हात लांब उभ्या असलेल्या बायकोने दात आवळले होते. पाटीवर खडू किरकिरला की पोरं आवळतात तसे.

मिस्त्री माझ्यासमोर आला आणि त्याने सरळ माझ्याकडे बघत विचारलं, "शेठ, लूमवर किती वर्षं काढली?"

"चाळीस," मी म्हणालो. "बापाच्या वेळची धरून."

"कारखान्यात कामगारांशी बोलायचं कसं?"

"कसं म्हणजे? तोंडाने. दोन लूम पलीकडचा माणूस काय म्हणतो ते मला—"

बायकोने माझा दंड धरला. "अवो," ती म्हणाली, "तेंनी आवाजच काढला न्हाय. नुसते ओठ हलवले."

मिस्त्रीने मान हलवली. मग तो आवाज काढून बोलला. त्याचा बाप तीस वर्षं लूमवर होता. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम बापाला कधीच द्यायचे नाहीत, आणि त्याच्याशी बोलायचं तर त्याच्या तोंडासमोर जाऊन उभं राहायचं, हे लहानपणापासून सगळ्या भावंडांना माहीत होतं. लूमच्या खडखडाटाने कानातून बारीक आवाज आधी जातात म्हणाला. जाड आवाज राहतात, म्हणून माणसाला कळत नाही.

चालू लूमजवळ कोणाचंच काही ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठ वाचतात, पोरसवदा असल्यापासून. ते मला ठाऊक होतं, ती आमची रीतच. पण कारखान्यातून बाहेर आल्यावर, घरात, बाजारात, बँकेतसुद्धा मी तेच करतोय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्यात मी वावरलो त्यांचे कानही माझ्यासारखेच. भिवंडीत माणसं मोठ्याने बोलतात असं बाहेरचे म्हणतात, मला वाटायचं ती आमची ऐट आहे.

मी मिस्त्रीची माफी मागितली. तो म्हणाला, "इथं नको शेठ. चहावाल्यासमोर मागा." मी कबूल झालो, आणि परत आल्यावर मागितली.

तो पुली बसवत असताना बायको गाडीच्या पायरीवर बसली. मी समोर उभा. ती हिशेब लावल्यासारखी जमिनीकडे बघत होती. मग मान वर करून विचारलं, "म्हंजे मी मागून बोलायची, ते तुमाला ऐकू येतच नव्हता?"

"नाही."

"मना वाटायचा, तुमी ऐकून सोडून देता."

ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द मला दिसेल असा.

"माझी आई आजारी व्हती, तवा मी विचारला व्हता. महिनाभर जाऊन रव्हू का म्हणून. तुमी सूत तोलत व्हता, माझ्याकडं पाठ व्हती. काय बोलला न्हाय. मी समजली, नको म्हणता. म्हणून मी गेली न्हाय."

तिची आई त्याच महिन्यात गेली. ही पोचली ती अग्नी दिल्यावर. आणि मला ते सगळं आठवत होतं, फक्त माझ्या बाजूने. आजारी आईकडे ही जात कशी नाही, याचा मी तेव्हा संशय घेतला होता. भावाशी जमिनीवरून वाजलं असेल, म्हणून जात नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. ठरवून थांबलो नव्हतो, चार नातेवाइकांना सांगितलंही होतं.

"अजून काय काय विचारलं होतंस?" मी म्हणालो.

"लय हाय," ती म्हणाली.

मिस्त्रीने इंजिन चालू करून दाखवलं. गाडी आता जव्हारपर्यंतच काय, पुढेही जाईल म्हणाला, आणि स्कूटरला किक मारून निघून गेला. पण त्या दिवशी आम्ही पुढे गेलो नाही. तिला बरंच सांगायचं होतं, आणि गाडी चालवताना मला तिच्या तोंडाकडे बघता आलं नसतं.