त्या दिवशी फुगडी धरली नाही

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. देवापुढे हात जोडले तरी मनातल्या मनात दुसराच विषय काढते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या काष्टीचे नाही – उद्या बाजारात समोर येणार नाही. बघा, सुरुवातच अशी भित्रेपणाची.

आमच्या बचत गटाकडे फवारणीचा ड्रोन आहे. तो मी उडवते. माझी धाकटी जाऊ सुनंदा मदतीला असायची – औषध कालवायचं, टाकी भरायची, बॅटरी बदलायची. असायची.

हल्ली आजूबाजूच्या गावच्या बाया माझ्याकडे शिकायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला – ताई, ते कंपास किती वेळा जुळवायचं? रोज? मी घडाघडा सांगते. रोज नको. लांबच्या, नव्या शिवारात गेलात तर करा. लोखंडाजवळ, लोहचुंबकाजवळ ड्रोन पडून राहिला असेल तर करा. आणि स्क्रीनवर सूचना आली तर केल्याशिवाय उडवूच नका. कसं पाठ आहे ना? तेव्हाही पाठच होतं. तेच तर –

कंपास म्हणजे ड्रोनचं दिशांचं भान. ते जुळवायला ड्रोन उचलून सावकाश गोल फिरवावा लागतो, मग तोंड खाली करून पुन्हा गोल. आमचा ड्रोन जड, एकटीला पेलत नाही. एका बाजूने मी धरायची, दुसऱ्या बाजूने सुनंदा, आणि भर शेतात दोघी गोल गोल फिरायचो. बांधावरची माणसं हसायची. "काय वैनी, फुगडी खेळताय व्हय?" सुनंदाला त्याचं काही नसायचं, ती उलट उखाणा घ्यायची. लाज वाटायची ती मला. गावात पायलट म्हणून नुकताच मान मिळायला लागला होता, आणि त्या मानाला फुगडी शोभत नव्हती. एवढंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

त्या दिवशी नदीपलीकडच्या गावात कांद्यावर फवारणी होती. ड्रोन दिरांच्या टेम्पोतून नेला. टेम्पोत लग्नातल्या डीजेचे स्पीकर तसेच होते आणि ड्रोन आदल्या दिवसापासून त्यांना टेकून पडलेला. स्पीकरमध्ये केवढं लोहचुंबक असतं – मला ते शिकवलेलं होतं. बांधावर बरीच माणसं जमली होती, शेतमालकाचे पाहुणेसुद्धा. स्क्रीनवर सूचना आली. सुनंदाने सवयीने हात पुढे केले.

"ताई, फिरवायचं न्हाई का?"

"काय गरज न्हाई. तू तितं जाऊन हुबी ऱ्हा."

मी बोटाने जागा दाखवली. ती जाऊन उभी राहिली. मी सूचना बाजूला सारली.

ड्रोन वर गेला आणि सरळ जायच्या ऐवजी घिरट्या घालत सुटला, प्रत्येक फेरा आधीच्याहून मोठा. मी इकडे वळवतेय आणि तो भलतीकडेच. तो थेट सुनंदाच्या अंगावर आला, तिने तोंडासमोर हात धरला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

माणसं धावली. कुणीतरी विचारलं, कसं झालं? तिच्या हाताला पदर गुंडाळता गुंडाळता मी म्हणाले – ती मधे आली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. इतक्या पटकन सुचलं कसं मला? तिच्या रक्ताने माझे हात भरले होते आणि मी माझं पायलटपण वाचवत होते.

दवाखान्यात तेच सांगितलं, गटाच्या बैठकीतही तेच. दीर तिला सगळ्यांदेखत बोलले, "तुला एका जागंवर हुबं ऱ्हाता येत न्हाई का?" ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी शेजारीच होते, हातात चहाचा कप. ती काही बोलेल याची वाट बघत होते – बोलावं म्हणून, की बोलू नये म्हणून? बोलू नये म्हणून.

आणि आता शिकायला आलेल्या बायांना मी तिचंच उदाहरण देते. माझी जाऊ मधे आली, तुम्ही लांब उभ्या राहा. चोर तो चोर, वर शिरजोर. रात्र रात्र झोप लागत नाही असं सांगणार होते, पण तेही खोटं. झोप लागते. सकाळी चुलीपुढे तिच्या भाकरी थापण्याचा आवाज येतो, थांबत थांबत येणारा – आणि वाटतं, आता उठूच नये. कुठे जाऊ मी? एकाच घरात राहतो आम्ही.

परवा भाकरी थापता थापता ती आपणहून म्हणाली, "ताई, माजंच चुकलं बगा. मी मधी आले नस्ते, तर तुमच्या ड्रोनची मोडतोड झाली नस्ती."

मला वाटलं, टोमणा मारतेय. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. इतक्या जणांकडून इतक्या वेळा ऐकून तिला ते खरंच वाटायला लागलंय. ती मधे आली नव्हती. मी दाखवलेल्या जागेवरून ती एक पाऊलही हलली नव्हती. हे तिला सांगायला आता माझ्याशिवाय कुणी नाही.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे गं. झालं ते झालं."

मी तिला माफ केलं.