साडेचारची मॅच

माझ्या सासऱ्यांइतक्या प्रामाणिकपणे लबाडी करणारा माणूस भूम तालुक्यात पुन्हा होणे नाही. डॉक्टरांनी त्यांना पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात, असल्याचं सांगितलं तेव्हा घरातल्या बायका रडल्या, मी शोभेल तेवढा गंभीर चेहरा केला आणि खुद्द मामांनी मात्र एखादा परवाना मिळावा तसा तो कागद घडी करून खिशात घातला. त्या दिवसापासून जे काही घडतं ते हात करतो. मामांचा त्याच्याशी संबंध नाही. चहा सांडतो तो नेमका नावडत्या पाहुण्याच्या पांढऱ्या पँटवर. पत्ते वाटताना एक्के घरंगळत त्यांच्याच पुढ्यात येतात. आणि वर निरागस तोंडानं, "हात ऐकत न्हाय हो जावईबापू, काय करावं!" हाच हात ताटातली शेवटची भजी उचलताना असा स्थिर असतो की सोनारानं बघून शिकावं.

अशा माणसाला कुणी टेबल टेनिसची बॅट देऊ नये. पण गावात व्यायामोपचार करणाऱ्या एक मॅडम आल्या आणि त्यांनी ती दिली. आसपासचे सातआठ कंपवातवाले जमवून, लग्नतिथी नसेल त्या दिवशी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये त्यांनी वर्ग सुरू केला. आधी हातपाय ताणायचे, मग लांब टांगा टाकत चालायचं, मग मोठ्यानं ओरडायचं, कारण या आजारात आवाजही बसत जातो. बाकीचे बिचारे एक ते वीस आकडे ओरडायचे. मामांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेली; ते "परंडा, सोनारी, करमाळाऽऽ" असं सुरू करायचे. एकदा रस्त्यावरच्या दोन बायका पिशव्या सावरत आत आल्या आणि गाडी कुठं लागलीय म्हणून विचारू लागल्या. मामांनी त्यांना बसायला सांगितलं.

शेवटी टेबल टेनिस. तिथं मामांचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. बाजारपेठेतले जुने टेलर, सगळं गाव त्यांना मास्टर म्हणतं. चाळीस वर्षं लोकांचे सदरे शिवले आणि आता सुईत दोरा जात नाही. मामा त्यांना रोज हरवायचे, आणि हरवून गप्प बसले तर ते मामा कसले! "मास्टर, बॅटीला काज पाडलंय का? चेंडू आरपार जातुय!" मास्टरही कमी नव्हते. "बोलो, बोलो. कंडक्टर है, मुसाफिर को रुलानाच काम है तुमचं."

या विजयांचं रहस्य मला फार उशिरा कळलं. कंपवाताच्या गोळीचा एक अंमल असतो. तो चढला की माणूस मोकळा होतो, उतरला की लाकूड. मामांची दुपारची गोळी साडेतीनची, मास्टरांची पाचची, आणि डॉक्टरांनी लावून दिलेल्या वेळा हलवायच्या नाहीत, हा मॅडमचा कायदा. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा पाठ केलेल्या मामांनी सगळ्या वर्गाच्या गोळ्या पाठ केल्या होत्या. म्हणूनच त्यांनी स्वतःला कॅप्टन घोषित करून मॅच ठेवली होती साडेचारला. तेव्हा मामा वाऱ्यासारखे सुटलेले आणि समोर मास्टर शिवणयंत्रासारखे जमिनीला खिळलेले.

मग मास्टर यायचे बंद झाले.

"पळाला!" मामांनी जाहीर केलं. दोन दिवस फुशारकीत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सोनारीच्या एका शेतकऱ्याला हरवलं आणि बॅट खाली ठेवून दिली, एक टोमणाही न मारता. मला काळजी वाटली. पुढच्या आठवड्यात मास्टरांची सून भाजीबाजारात भेटली. "अब्बा खाटेवरून उठत नाहीत," ती म्हणाली. "व्यायाम नाही, फिरणं नाही. कालपासून मानपण वळंना. म्हणतात, रोज हरायला कशाला जायचं?"

मी हे घरी सांगितलं. संध्याकाळी मामा म्हणाले, "गाडी काढा."

मास्टर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मामा खाटेच्या कडेला बसले आणि तब्येत वगैरे काहीएक न विचारता म्हणाले, "उद्यापासून मॅच साडेपाचला."

"क्यूं?"

"ऊन येतंय डोळ्यावर."

"उस बाजू खिडकी कुठं हाय, कंडक्टर?"

"नसू द्या. साडेपाच म्हंजे साडेपाच."

मास्टर महाकष्टानं कूस बदलून मामांकडं वळले. "साडेपाचला तुमची गोळी उतरती."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"सारे गाव को मालूम है."

मामा खवळले. "मालूम हाय तर यायचं न् हरवायचं! का तेवढंबी जमंना?"

दुसऱ्या दिवशी मास्टर आले, सुनेचा हात धरून. साडेपाचला मॅच सुरू झाली आणि मी प्रथमच मामांना तसं पाहिलं. पाय फरशीला चिकटलेले, खांदा वर येईना, सर्व्हिस टेबलाच्या अलीकडंच पडत होती. मास्टर हळूहळू खुलत गेले. त्यांनी मामांना अकरा-तीन असं धुतलं आणि दयामाया न दाखवता पुन्हा अकरा-दोन. "कंडक्टर, आगे सरको, आगे सरको!" हॉल हसत होता. मामा तोंडाला येईल ते बोलत होते, पण हाताबद्दल एक अक्षर नाही.

हे गेले दोन महिने चाललं आहे. मामा रोज हरतात. मॅच संपली की प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात ते सहाची गोळी चढेपर्यंत उठता येत नाही. मास्टर तेव्हा चांगले हिंडतेफिरते असतात. पण मुलगा न्यायला आला तर त्याला परत पाठवतात आणि शेजारच्या खुर्चीवर बसतात.

परवा मंडपवाले आले. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, हॉल झाडायचा होता. त्यांनी टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या एकात एक घालत या दोघांपाशी आले आणि थांबले.

"आजोबा, उठता का?"

मामांनी उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मास्टर मजेत बसलेले होते, ते तसेच मागं रेलले.

"बाकी सब उठाव," ते म्हणाले. "ये दो रहने दो."