तांदळात लिहिलेलं नाव

लग्नाच्या दिवशी मिनल तांडेलच्या सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले, मुलाच्या हातात अंगठी दिली आणि नीरजने त्या तांदळात ‘रसिका’ असं काढलं. फोटोग्राफरने ते पुसून परत काढायला लावलं, कारण पहिल्या वेळी नीरजचं डोकं मध्ये आलं होतं. मंडळी हसली, मिनलही हसली. नाव बदललं की आपलं काही जातं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? आईचं बदललं होतं, सासूचंही बदललं होतं, आणि दोघींचं काही अडलेलं दिसत नव्हतं.

दोघींनी रसायनशास्त्रात शोधनिबंध लिहिले नव्हते, एवढाच काय तो फरक.

मिनल उत्तनची. वडिलांची, काशीनाथ तांडेलांची, होडी होती आणि आई चंपा भाईंदरच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. मासळी साफ केली की खाली खवल्यांचा ढीग पडतो, तो कुणी ढुंकून पाहत नाही. मिनलने पाहिला. भाईंदर पूर्वेला नळांना नि भांड्यांना क्रोमचा मुलामा देणारे गाळे आहेत. त्यांचं पिवळं विषारी पाणी कुठे जातं ते गावाला ठाऊक होतं आणि सगळे अळीमिळी गुपचिळी करून बसले होते. या पोरीने खवले धुतले, वाळवले, भट्टीत भाजून पूड केली, काचेच्या नळीत भरली आणि वरून ते पिवळं पाणी ओतलं. खाली नितळ पाणी उतरलं. पीएच.डी. त्यावरच झाली. मुंबईच्या ज्या संस्थेत ती शिकत होती तिथले लोक तिच्या पिशवीच्या वासाने नाक मुरडायचे. निबंध परदेशात छापून आल्यावर त्यांची नाकं जागेवर आली.

निबंधावर नाव होतं एम. के. तांडेल. तिने त्याची प्रत उत्तनला नेली तेव्हा काशीनाथने ती उलटसुलट पाहिली.

“माजं नाव कुटं हाय गो यात?”

“हे बघ ना, एम म्हणजे मी, आणि हा के म्हणजे तू.”

काशीनाथने त्या के वर बोट ठेवलं. मग ते पान त्याने देवाच्या फोटोशेजारी लावलं. आल्यागेल्याला तो निबंध दाखवत नसे, तो के तेवढा दाखवायचा.

लग्नानंतर मिनल तांडेलची रसिका नीरज परुळेकर झाली. म्हणजे नाव गेलं, बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं. शिल्लक राहिलं ते डोकं. सासूबाई, शैलाताई, बाई काही वाईट नव्हत्या. लालबागची खोली विकून मीरा रोडला फ्लॅट घेतलेलं घर, सगळं रीतसर हवं. “अर्धवट ठेवू नकोस गं, उगाच पुढे घोळ होतो,” म्हणत त्यांनी स्वतः मागे लागून गॅझेट, पासपोर्ट, बँक सगळीकडे नाव बदलून घेतलं. घोळ होऊ नये म्हणून केलेल्या कामानेच घोळ व्हायचा होता.

रसिकाला भाईंदरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. कॉलेजचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तिथे तास, पेपर तपासणं, नॅशनल सायन्स डेच्या रांगोळ्या, घरी मुलगी लहान. संशोधनाला उरायची ती तळमजल्यावरची एक अरुंद खोली आणि सुट्टीच्या दुपारी. तरीही तिने खवल्यांचं काम सोडलं नाही. त्या खोलीत नळ्या उभ्या होत्या, आणि नवघरच्या क्रोमवाल्या गाळ्यांतलं पाणी कॅनमधून येत होतं. या वेळी निबंध नुसता छापायचा नव्हता, गाळ्यात बसवता येईल असं यंत्र करायचं होतं.

अशात कॉलेजला रसायनशास्त्राचं संशोधन केंद्र मिळालं आणि फर्मान निघालं: पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून ज्यांना मान्यता मिळेल त्यांनाच प्रयोगशाळेत जागा. बाकीच्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या. मान्यता कशावर? तर एच-इंडेक्स निदान आठ हवा.

हा आकडा काय आहे तो ऐका. तुमचे आठ निबंध असे हवेत, की त्यातल्या प्रत्येकाचा उल्लेख दुसऱ्यांनी आपल्या निबंधात निदान आठ वेळा केलाय. मग तुम्ही आठ. निबंधात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. संगणक नावं जुळवतो, उल्लेख मोजतो आणि माणसाच्या पाठीवर आकडा डकवतो.

आणि हा आकडा कसा वाढवतात तेही रसिकाने पाहिलं होतं. विभागप्रमुख कौस्तुभ सर, यांचा आकडा चौदा. त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, पाच-सहा कॉलेजांतल्या सरांचा. एकाने निबंध लिहिला की बाकीच्यांचे उल्लेख त्यात घालायचे, मग बाकीच्यांनी याचे. लग्नातल्या आहेरासारखं, तुमच्याकडून साडी आली तर आमच्याकडून ब्लाउजपीस तरी जायलाच हवा.

“मॅडम, तुम्हाला ॲड करतो,” ते एकदा म्हणाले होते. “तुम्ही आमचे चार टाका, आम्ही तुमचे चार टाकू. सिंपल है.”

“पण सर, तुमचं काम रंगद्रव्यांवर. माझ्या खवल्यांत त्याचा उल्लेख कुठे करू?”

“प्रस्तावनेत करा ना. प्रस्तावना कौन पढ़ता है?”

रसिका ग्रुपमध्ये गेली नाही. रागाने नव्हे, तिला खरंच घालायला जागा सापडेना.

अर्ज भरताना तिने संगणकावर स्वतःला शोधलं, आणि तिथे तिला दोन बाया सापडल्या. एक आर. एन. परुळेकर, भाईंदर, आकडा चार. दुसरी एम. के. तांडेल, मुंबई, आकडा सहा. तांडेल बाई लग्नाच्या साली अचानक लिहायची थांबली होती, जणू मेलीच. पण तिचा तो पहिला खवल्यांचा निबंध मात्र जगभर हिंडत होता. चारशे बारा उल्लेख. व्हिएतनाम, ब्राझील, नायजेरिया, जिथे जिथे मासे आणि घाण पाणी आहे तिथले लोक तांडेल बाईचं नाव घेत होते. त्या चारशे बारांत दोन उल्लेख कौस्तुभ सरांचेही होते. शेजारच्या टेबलावर बसून डबा खाणारी बाई आणि ही तांडेल एकच, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दोघींचे निबंध एकत्र मोजले तर आकडा बरोबर आठ येत होता.

रसिकाने हे उल्लेख मोजणाऱ्या संकेतस्थळाला लिहिलं, की या दोघी म्हणजे मी एकटीच. त्यांनी कागद मागितले, पाहिले आणि दोघींची एक नोंद केली. परदेशातल्या अनोळखी माणसांना जे महिन्याभरात पटलं, ते भाईंदरच्या कॉलेजला पटेना. तिने गॅझेटची प्रत जोडली, लग्नाचा दाखला जोडला. प्राचार्य राणे अध्यक्ष आणि कौस्तुभ सर सदस्य असलेल्या छाननी समितीने लेखी उत्तर दिलं: सदर निबंध भिन्न व्यक्तीच्या नावे व भिन्न संस्थेतून प्रसिद्ध झालेले असल्याने ते उमेदवाराचे म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत. उमेदवाराचा निर्देशांक चार. मान्यता नाकारण्यात येत आहे.

भिन्न व्यक्ती! अहो, दहा वर्षं जिला रोज हजेरीपटावर सही करताना पाहिलं, ती भिन्न? बाळंतपणाची रजा मागताना दाखला चालला, इन्कम टॅक्स कापताना गॅझेट चाललं, मग अकलेचा हिशेब करतानाच त्या कागदांना काय वाळवी लागली? आणि जे चौदावाले आहेत, त्यांचा एक तरी थेंब पाणी कुणी नितळ झालेलं पाहिलंय का, हे विचारायची सोय नाही.

त्या आठवड्यात खोली रिकामी झाली. नळ्या पायऱ्यांखाली उभ्या केल्या, तिथे शिपाई सदू मॉप ठेवायचा. पाण्याचे कॅन कुठे ठेवायचे हा प्रश्न होता, म्हणून गाळेवाल्यांना तिने सध्या पाठवू नका असं कळवलं. ते पाणी मग परत खाडीत जायला लागलं.

घरी तिने पत्र टेबलावर ठेवलं. नीरज म्हणाला, “जाऊ दे ना, पगार तर मिळतोय.” शैलाताईंनी चष्मा लावून पत्र वाचलं. एकदा वाचून कळलं नाही म्हणून परत वाचलं.

“भिन्न व्यक्ती म्हणजे कोण?” त्यांनी विचारलं.

“मीच आई. लग्नाआधीची.”

शैलाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग एकदम उसळल्या. “नाव मी बदललं. बाई नाही बदलली! मी काय तुला दुसरीकडून विकत आणली होती? कोण आहे तो राणे, मला त्याचा नंबर दे.”

रसिकाने नंबर दिला नाही. पण त्या दिवशी तिला पहिल्यांदा रडू आलं, आणि आलं ते रागाचं होतं. संकेतस्थळाने तिला विचारलं होतं, एकत्र केलेल्या नोंदीवर नाव कुठलं दाखवायचं? तो रकाना तिने रिकामा सोडला होता. रात्रीचं जेवण व्हायच्या आधीच तिने तो भरला. एम. के. तांडेल.

वर्ष होत आलं असेल, आणि प्राचार्य राण्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, बिस्किटंसुद्धा. कॉलेजच्या मूल्यांकनाला बाहेरून समिती येणार होती. कॉलेजातल्या सगळ्या प्राध्यापकांचे मिळून उल्लेख किती, त्यावर श्रेणी ठरणार होती.

“मॅडम, ते तुमचे तांडेलवाले चारशे बारा आहेत ना,” राणे गोड हसून म्हणाले, “ते आपण कॉलेजच्या खात्यात दाखवतोय. गॅझेटची एक प्रत तेवढी परत द्या. आपलंच काम आहे.”

गरज पडली की गाढवालाही काका म्हणतात, हे रसिकाला ठाऊक होतं. स्वतःवरच ते गाढव व्हायची पाळी आली तेव्हा तिने चहाचा कप खाली ठेवला आणि पर्समधून छाननी समितीचं पत्र काढलं. वर्षभर ते ती जवळ बाळगून होती.

“सर, ही बाई भिन्न आहे. तुमचीच सही आहे.”

“ते तांत्रिक होतं हो. उगाच इश्यू करू नका.”

“इश्यू नाही करत. पण दुसऱ्या बाईचे उल्लेख मी कसे देऊ? ती तुमच्या कॉलेजात नाही. तिला जागा नाही म्हणून तुम्ही तिच्या नळ्या पायऱ्यांखाली ठेवल्यात. तिची कमाई पाहिजे असेल, तर आधी तिला आत घ्या.”

या बाईने आजवर केबिनमध्ये मान वर करून दोन वाक्यं सलग बोललेली राण्यांना आठवत नव्हती. त्यांनी कौस्तुभ सरांना बोलावलं. समितीची बैठक तिथेच, उभ्याउभ्या झाली. जे वर्षभर नियमात बसत नव्हतं ते बिस्किटं संपायच्या आत बसलं. एक कागद नवा लागला नाही, तेच गॅझेट, तोच दाखला, तेच आठ. मग वर्षभर काय बदललं होतं? फक्त गरज कुणाची ते.

क्लार्कने मान्यतेचं पत्र टाइप करून आणलं: डॉ. रसिका नीरज परुळेकर. तिने ते परत केलं.

“उल्लेख जिचे, पत्र तिच्या नावाने.”

“अहो, पण पगारपत्रकावर...”

“कंसात टाका परुळेकर. माझी हरकत नाही.”

दुसऱ्या वेळी पत्र बरोबर आलं. खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा नळ्यांपैकी दोन तडकलेल्या निघाल्या. त्यांचे पैसे कुणी दिले नाहीत, आणि वर्षभर खाडीत गेलेलं पाणी तर कुठल्याच खात्यात दाखवलं गेलं नाही. पत्राची प्रत उत्तनला गेली. काशीनाथला आता बारीक अक्षर दिसत नाही, पण या पत्रात त्याचं नाव एका अक्षरात नव्हे, पुरतं लिहिलेलं होतं.

त्याच वर्षी मे महिन्यात नीरजच्या चुलतभावाचं, पिंटूचं लग्न भाईंदरच्या एका हॉलमध्ये झालं. मुलगी फार्मसीत काम करणारी, नाव निशिगंधा. सप्तपदी झाल्यावर कुणीतरी तांदळाचं ताट आणलं आणि घरातली वडीलधारी म्हणून शैलाताईंच्या हातात दिलं. “काकू, नाव काय ठेवायचं ठरलंय?” फोटोग्राफर कॅमेरा लावून उभा राहिला. पिंटूने अंगठी काढली.

शैलाताईंनी नव्या सुनेकडे पाहिलं.

“शिकलीस ना गं? कुठे काही छापून-बिपून आलंय का तुझं?”

“नाही काकू, अजून नाही.”

“येईल,” शैलाताई म्हणाल्या, आणि ताटातले तांदूळ त्यांनी दोन्ही हातांनी परत पिशवीत भरले. पिंटूची आई तोंड वाकडं करून पुढे आली, तेव्हा पिशवीला गाठ मारत त्या मागे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आपल्या सुनेला हाक मारली.

“मिनल, ही पिशवी आत नेऊन ठेव. यांचा भात करायला सांग.”